सायकिॲट्रीची ड्रग कार्डं: सहा महिने खिशात बाळगल्यावर

मानसोपचारातल्या एकेका औषधाची माहिती देणारी, रिंगला अडकवलेली, लॅमिनेट केलेली, एप्रनच्या खिशात मावणारी इंग्रजी कार्डं. सायकिॲट्री पोस्टिंगमध्ये सहा महिने रोज वापरून झाली. व्हायव्हासाठी (तोंडी परीक्षेसाठी) झकास. वॉर्डात मात्र मागची बाजू स्वतः लिहून काढल्याशिवाय निम्मीच कामाची.

गटवार रंग आहेत, त्यामुळे भास-भ्रमांवरच्या औषधांतलं (अँटिसायकोटिक) जुन्या गटातलं हॅलोपेरिडॉल कुठलं आणि नव्या गटातलं ओलान्झापिन कुठलं हा घोळ आठवडाभरात संपतो. रिंग तिसऱ्या महिन्यात ढिली पडली. मार्करने लिहिलेलं सॅनिटायझरने उडतं. कागदी पट्टी चिकटवून बॉलपेनने लिहायचं आणि वरून सेलोटेप मारायचा.

लिथियमच्या (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) कार्डावर 0.6 ते 1.2 मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर ही रक्तातली पातळी आणि 1.5 च्या वर विषबाधेचा धोका, एवढंच आहे. बरोबर आहे, पण रक्त कधी घ्यायचं? शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी. रात्री 9 ला गोळी दिली असेल तर सकाळी 9 ला, आणि सकाळचा डोस रक्त घेतल्यावरच. ट्यूबही बघून घ्या: हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये बहुधा लिथियम हेपॅरिनच असतं, त्यात घेतलेल्या नमुन्याची पातळी खोटी वाढलेली येते. जुलाब, उलट्या, निर्जळी उपवास, अचानक मीठ बंद करणं, डोकं दुखतंय म्हणून परस्पर घेतलेली आयब्युप्रोफेन, या सगळ्यांनी पातळी चढते. हात जास्त थरथरायला लागले, चाल झोकांड्या खाऊ लागली, बोलणं जड झालं, तर पुढचा डोस थांबवून आधी डॉक्टरांना कळवायचं.

सगळ्यात मोठी चूक अकाथिसियाच्या (औषधामुळे येणारी, एका जागी बसू न देणारी बेचैनी) बाबतीत. कार्डावर एक शब्द, 'अस्वस्थता'. हॅलोपेरिडॉल सुरू झाल्यावर काही दिवसांनी रुग्ण कॉटवर बसतो, उठतो, उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत राहतो, जेवणाचं ताट ठेवून येरझाऱ्या घालतो. रिपोर्टमध्ये 'रुग्ण उत्तेजित' असं लिहिलं गेलं की डोस वाढतो, आणि येरझाऱ्याही वाढतात. सरळ विचारायचं: "दादा, घालमेल मनात होतेय की पायांत?" पायांत म्हणाला तर तेच शब्द रिपोर्टमध्ये उतरवा. डॉक्टर डोस कमी करतात किंवा प्रोप्रॅनोलॉल देतात. ते द्यायच्या आधी नाडी, बीपी आणि दम्याचा इतिहास बघायचा. मान वाकडी होणं, डोळे वर चढणं ही वेगळी गोष्ट, ती डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आखडणं. तिथे प्रोमेथाझिनचं इंजेक्शन लवकर गुण देतं.

डेपो इंजेक्शनचं (एकदा दिलं की काही आठवडे पुरणारं) कार्ड तर फारच त्रोटक. त्यातलं फ्लुफेनाझिन डेकॅनोएट तिळाच्या तेलात असतं. सिरिंज आणि सुई कोरडी हवी, पाण्याचा अंश राहिला तर औषध गढूळ होतं. 21 गेजची सुई, खोल स्नायूत, झेड-ट्रॅक पद्धतीने (कातडी बाजूला ओढून धरून), सावकाश. जागा चोळायची नाही. शिरेतून कधीच नाही. पुढची तारीख कार्डावर नव्हे, रुग्णाच्या फाइलवर आणि नातेवाइकांच्या हातात.

क्लोझापिन या अँटिसायकोटिकने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून तपासण्या लागतात; कार्डावर त्यांचं वेळापत्रक अमेरिकी पद्धतीचं छापलंय. आपल्याकडे रूढ असलेलं वेगळं: पहिले 18 आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी, नंतर महिन्याला. घसा दुखतोय, ताप आहे म्हटलं की क्रोसिन देऊन गप्प बसायचं नाही, त्याच दिवशी काउंट. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस परत देत नाहीत, 12.5 मि.ग्रॅ.पासून सुरुवात. शौचाला कधी झाली हे रोज विचारा. बद्धकोष्ठतेने आतडं बंद पडून रुग्ण दगावू शकतो. कार्डावर ती तोंड कोरडं पडण्याच्या शेजारी, एका ओळीत आहे!

एमएओआय गटाला (नैराश्यावरची जुनी औषधं) मात्र दोन अख्खी कार्डं, चीज-वाइनसारख्या वर्ज्य पदार्थांच्या यादीसकट. पेपरला येतं म्हणून वाचा. आपल्या वॉर्डात ही औषधं क्वचितच दिसतात. ती दोन्ही रिंगेतून काढून त्या जागी ट्रायहेक्सिफेनिडिल 2 मि.ग्रॅ.चं (अँटिसायकोटिकमुळे येणाऱ्या थरथरीवर, ताठरपणावर देतात ते) कार्ड हातानं लिहून घातलं. मूळ संचात ते नव्हतंच, आणि औषधाच्या ट्रॉलीवर सगळ्यात आधी रिकामी होणारी पट्टी बहुतेक तीच असते.