डीएम स्क्रीन: गेम चालवत असाल तर घ्याच

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या रोलप्लेइंग गेमच्या फिफ्थ एडिशनसाठी घेतलेली ही चार पानांची आडवी डीएम स्क्रीन, म्हणजे गेम चालवणारा डीएम (डन्जन मास्टर) स्वतःसमोर उभा करतो तो नियमांची टेबल्स छापलेला पडदा, आता चांगली वापरून झालीय. पुठ्ठा जाड आहे, टेबलावर नीट उभी राहते, आणि आडवी असल्यामुळे वरून सगळ्यांचे चेहरे दिसतात, मला तर हेच सगळ्यात आवडलं. उंच स्क्रीनमागे बसलं की कोण कंटाळलंय, कोणाला बोलायचंय पण मधे घुसता येत नाहीये, काही कळत नाही आणि तिथेच सेशन हातातून जातं.

आतली टेबल्स एकदम कामाची. रोग (चोर-टाइप कॅरेक्टर) खेळणारा म्हणाला मी झुंबराला लटकून पलीकडे उडी मारतो, की नजर खाली, सोपं असेल तर टार्गेट आकडा 10, मध्यम 15, अवघड 20, लगेच "पंधरा, टाक डाइस" आणि गेम पुढे. पडला तर दर 10 फुटांना एका डी-सिक्सचं (सहा बाजूंच्या डाइसचं) डॅमेज, तेही समोरच. हेच पुस्तकात शोधत बसलात तर तोवर कोणीतरी मोबाईल काढतो आणि फाइटची सगळी मजा जाते. विझार्डला मार बसला की कन्सन्ट्रेशनचं (चालू मंत्र टिकवायच्या रोलचं) पण तसंच, टार्गेट 10 किंवा डॅमेजच्या निम्मं, जे जास्त असेल ते.

नावांची यादी मात्र मी सगळ्यात जास्त वापरते. प्लेयर्स हमखास अशाच पहारेकऱ्याशी गप्पा मारायला जातात ज्याचा आपण काहीच विचार केलेला नसतो, तेव्हा नाव पटकन सांगता आलं की तो माणूस खरा वाटतो, अडखळलात की लगेच कळतं हा आत्ता बनवलाय. आतून एक स्टिकी नोट लावून त्यावर सगळ्यांची पॅसिव्ह परसेप्शन (मुद्दाम न शोधता काय लक्षात येतं, तो आकडा) लिहून ठेवा, म्हणजे विचारावं लागत नाही आणि सापळा आहे हे आधीच फुटत नाही.

लॅमिनेशन फार चकचकीत आहे, वर दिवा असेल तर मधलं पान वाचताच येत नाही. आणि एक अख्खा कोपरा हवामानाच्या टेबलला कशाला दिलाय? तिथे मॉन्स्टरचे हिटपॉइंट (किती जीव उरलाय ते) लिहायला कोरी जागा हवी होती.

स्क्रीन आहे म्हणून सगळे डाइस मागे टाकू नका हं, कोणाचं कॅरेक्टर मरायला टेकलं असेल तर तो रोल सगळ्यांसमोरच करा, तरच निकालावर विश्वास बसतो.

माझ्याकडून पाचपैकी चार. फक्त घेताना 2014 च्या नियमांची आहे की 2024 च्या ते बघून घ्या, एक्झॉशन (थकवा) आणि ग्रॅपल (पकडून ठेवणं) दोन्हींचे नियम बदललेत.