पुसा तेजस (एच. आय. ८७५९): दोन हंगामांनंतरचा अभिप्राय

इंदूरच्या उत्तरेला, सांवेर तालुक्यात आमची वडिलोपार्जित तीन एकर काळी जमीन आहे आणि गेले दोन रब्बी हंगाम मी तिच्यात ‘पुसा तेजस’ हा गहू घेत आहे. हा कठिया, म्हणजे कठीण दाण्याचा ड्युरम गहू. महाराष्ट्रातले नातेवाईक त्यालाच बन्सी किंवा बक्षी म्हणतात, आणि आमच्या मंडीत वाण कोणताही असला तरी कठियाची ढेरी बहुधा ‘मालवराज’ याच नावाने बोलली जाते. माझे मत आधीच सांगून टाकतो: शेतकऱ्यासाठी हे बियाणे उत्तम आहे, रव्यासाठी आणि बाफल्यांसाठी (कणकेचे उकडून मग भाजलेले गोळे) त्याहूनही उत्तम आहे, मात्र रोजच्या पोळीसाठी ते घेऊ नये.

नावातील ‘पुसा’ या शब्दाने पुण्याची माझी आत्या पहिल्यांदा गोंधळली होती. तो काही विचारण्याचा किंवा फडक्याने पुसण्याचा आदेश नव्हे; भारतीय कृषी अनुसंधान संस्था बिहारमधील ज्या पुसा गावी सुरू झाली, त्या गावाचे ते नाव आहे. १९३४ च्या भूकंपानंतर संस्था दिल्लीला गेली, नाव मात्र तिच्याबरोबर राहिले. हा वाण त्याच संस्थेच्या इंदूर येथील प्रादेशिक केंद्राने तयार केला असून तो वेळेवर पेरणीच्या बागायती शेतीसाठी आहे. अधिकृत माहितीनुसार त्यात सुमारे १२ टक्के प्रथिने आणि ४२.८ पीपीएम (दहा लाख भागांत ४२.८ भाग) जस्त असते.

या गव्हाची पहिली नजरेत भरणारी गोष्ट म्हणजे त्याची उंची. आजोबांच्या काळातला कठिया छातीपर्यंत वाढत असे आणि त्यात माणूस वाकला की दिसेनासा होई. तेजसचे पीक माझ्या कमरेच्या थोडे वरच थांबते. हे बुटकेपण कठियाच्या घरचे नाही, ते दुसऱ्या जातीकडून उसने आणलेले आहे. जपानमध्ये गोंजिरो इनाझुका यांनी तयार केलेला ‘नोरिन १०’ हा बुटका वाण १९३५ मध्ये प्रसारित झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अमेरिकेत पोहोचला, तेथे ऑर्व्हिल व्होगेल यांनी आणि पुढे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी त्याच्याशी संकर केले, आणि त्याच वंशातील लेर्मा रोहो व सोनोरा ६४ यांचे १८,००० टन बियाणे भारताने १९६६ मध्ये मागवले. परंतु हे सगळे गहू पोळीचे, म्हणजे ४२ गुणसूत्रांचे. कठिया निराळ्या जातीचा आहे आणि त्याची गुणसूत्रे २८ असतात. पोळीच्या गव्हात ए, बी आणि डी असे तीन संच असतात, कठियात पहिले दोनच. दोघांचा संकर केला की ३५ गुणसूत्रांचे रोप मिळते. त्यात डी संचातील सात गुणसूत्रांना जोडीदारच नसतो, त्यामुळे पुष्कळ फुलांत दाणा भरत नाही, आणि पुन्हापुन्हा कठियाशी संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करत करत तो वंश २८ वर आणावा लागतो.

नोरिनमधील बुटकेपणाची दोन प्रमुख जनुके आहेत, एक बी संचात आणि दुसरे डी संचात. कठियाला त्यांपैकी पहिलेच सामावून घेता येते, कारण दुसऱ्याला बसायला त्याच्या घरात खोलीच नाही. सुदैवाने ते एकही पुरेसे ठरले. झाडातील जिबरेलिन हे संप्रेरक ‘वाढ’ असा हुकूम सोडते आणि या जनुकाचे झाड त्या हुकमाकडे बऱ्यापैकी कानाडोळा करते. मग जे अन्न लांब काड उभारण्यात गेले असते, त्यातील मोठा वाटा ओंबीकडे वळतो. उंच कठियाला युरिया आणि पाणी जास्त दिले की तो लोळत असे, म्हणून आजोबा दोन्ही बाबतींत हात आखडता घेत. गेल्या फेब्रुवारीअखेरच्या वादळी पावसात शेजारचा जुना उंच गहू आडवा झाला. माझा तेजस वाकला आणि दोन दिवसांत सरळ झाला.

या उसनवारीची एक किंमत मात्र पहिल्याच वर्षी मोजावी लागली, आणि तीही माझ्याच चुकीमुळे. नोरिनच्या या जनुकांमुळे काड जसे आखूड होते, तसे जमिनीतून वर येणाऱ्या कोंबाचे आवरणही आखूड राहते. घरची जुनी शिकवण अशी की ओल जिथे असेल तिथे बी पोहोचले पाहिजे, मग ते चार बोटे खोल का जाईना. मी पेरणी यंत्र त्याच हिशेबाने लावले आणि बांधालगतच्या पट्ट्यात उगवण विरळ झाली. दुसऱ्या वर्षी पाच सेंटिमीटरच्या खाली बी जाऊ दिले नाही, पेरणीनंतर लगेच पाणी दिले, आणि ओळी भरून आल्या. पिशवीवर हे ठळक छापायला हवे होते.

बाकी शेतातील अनुभव चांगला आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एकरी ४० किलो बी पेरले, मुकुटमुळे फुटताना म्हणजे एकविसाव्या दिवशीचे पाणी चुकवले नाही, एकूण चार पाणी दिले. दोन्ही वर्षी पानांवर तांबेरा दिसला नाही. पहिल्या वर्षी एकरी १७ क्विंटल उतारा पडला, दुसऱ्या वर्षी १९. पहिल्या वर्षी नत्राचा शेवटचा हप्ता टाळला होता, त्याचे फळ मंडीत दिसले: दाणा काचेसारखा पारदर्शक हवा, त्याऐवजी मधूनमधून पांढरट पिठूळ डाग, ज्याला इकडे ‘पोटिया’ म्हणतात. व्यापाऱ्याने तळहातावर दहा दाणे घेऊन भाव पाडला आणि त्याचे चुकलेही नव्हते. भुसा अर्थातच कमी निघतो. ज्यांच्या गोठ्यात चार जनावरे आहेत त्यांनी याचा विचार आधी करावा.

आता स्वयंपाकघर. रवा पिवळसर आणि कणीदार पडतो, त्याचा शिरा गोळा होत नाही. बाफले बाहेरून खुसखुशीत आणि आत मोकळे होतात, चुरम्याचे लाडू तर सौभाग्यवतीच्या मते बाजारच्या कोणत्याही गव्हापेक्षा सरस. पण पुरणपोळीने आमची फजिती केली. कणीक कितीही तिंबली तरी ताणली जात नव्हती, पारी कडेने फाटत होती आणि पुरण तव्यावर येत होते. कारण पुन्हा तोच नसलेला डी संच आहे: कणकेला लवचिकपणा देणाऱ्या ग्लुटेनमधील काही महत्त्वाची प्रथिने त्या संचातील जनुकांपासून बनतात. बुटकेपणाचे जनुक बी संचात होते म्हणून ते उसने घेता आले; हा गुण त्या मार्गाने आला नाही. त्या होळीला शेवटी शेजारच्या काकूंकडून लोकवनची कणीक आणली.

खरेदीविषयी एक सावधगिरी. पहिल्यांदा शहरातील एका दुकानातून ‘तेजसच आहे’ या शब्दावर सुटे बी घेतले, आणि ओंब्या निसवल्यावर शेतात दीड हात उंच डोकी वर काढणारी लाल दाण्याची झाडे दिसली. ती उपटण्यात दोन दिवसांची मजुरी गेली. दुसऱ्या वर्षी निळा टॅग शिवलेली प्रमाणित बियाण्याची बंद पिशवीच घेतली. हा संकरित मक्यासारखा दरवर्षी विकत घ्यावा लागणारा वाण नाही. गहू स्वपरागित असल्याने घरचे बी तीन वर्षे सहज चालते, फक्त मळणी यंत्र आधी नीट झाडून घ्यावे. यंदा मी दोन क्विंटल बी उन्हात वाळवून कोठीत भरले आहे, आणि तीनपैकी एक एकर पोळ्यांच्या लोकवनसाठी राखला आहे.