पहिला नॉयर कुठला बघावा, डबल इन्डेम्निटी की आउट ऑफ द पास्ट?

नॉयर म्हणजे गुन्हा, फसवणूक नि गडद सावल्यांचे जुने ब्लॅक अँड व्हाइट हॉलिवूडपट. अमेरिकेत टीव्हीवर जुने पिक्चर म्हणजे टीसीएम चॅनेल, आणि त्यातही त्यांचा नॉयरचा कार्यक्रम ‘नॉयर अ‍ॅली’. त्याचा सूत्रधार एडी मुलर पिक्चरच्या आधी नि नंतर जे बोलतो ना, तेवढ्यासाठीसुद्धा बसावं. पण घरच्यांना पहिला कुठला दाखवू असं कोणी विचारलं की ही दोन नावं हमखास येतात.

दिसायला आउट ऑफ द पास्ट (१९४७) जास्त देखणा, निदान मला तरी वाटतो. मुसुराकाचा कॅमेरा, हिरो रॉबर्ट मिचमचा तो पेंगुळलेला चेहरा, आणि आकापुल्कोच्या बारमध्ये हिरॉइन जेन ग्रीअर उन्हातून आत येते तो शॉट, तिथेच कळतं की हा गडी आता संपला. पण मधे सॅन फ्रान्सिस्को येतं आणि घोळ सुरू होतो. टॅक्सची कागदपत्रं कोणाकडे, ही नवी बाई कोणाच्या बाजूची, खून कोणाच्या गळ्यात घालतायत... टीव्हीवरचा पिक्चर काही थांबत नाही, कोणी चहा टाकून परत आलं की "हा कोण?", त्याला सांगेपर्यंत आपले संवाद गेले, आणि मिचमचे संवाद हुकले तर मग राहिलं काय! मला याचा खरंच फार त्रास झाला, नवीन माणूस तर इथेच कंटाळतो.

डबल इन्डेम्निटीत (१९४४) ही भानगडच नाही. हिरो फ्रेड मॅकमरे, विमा एजंट, सुरुवातीलाच रात्री ऑफिसात येऊन डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज रेकॉर्ड करायच्या यंत्रावर, आपण केलेला खून कबूल करतो, त्यामुळे कोणी केलं हा प्रश्न उरतच नाही, फक्त फास कसा आवळत जातो ते बघायचं. चहाहून आलेल्यालाही एका वाक्यात सांगता येतं. खून उरकल्यावर गाडी स्टार्ट होत नाही तेव्हा घरातले सगळे गप्प! आणि मॅकमरेच्या फ्लॅटचं दार बाहेर पॅसेजमध्ये उघडतं, तसं खरं कुठे नसतं, पण त्या दाराआड खुनातली त्याची साथीदार बार्बरा स्टॅनविक लपून उभी आहे आणि समोर त्याच्याच कंपनीतला एडवर्ड जी. रॉबिन्सन, त्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. रॉबिन्सनचा क्लेम्स मॅनेजर, म्हणजे विम्याचे दावे तपासणारा, आमच्याकडे तर हिरोपेक्षा जास्त आवडला.

आता ज्यांना ब्लॅक अँड व्हाइटची सवय आहे आणि जे एकटेच लाइट बंद करून बघणार आहेत, त्यांनी आउट ऑफ द पास्ट आधी बघितला तरी काही बिघडत नाही, उलट त्यांना तोच जास्त आवडेल कदाचित. पण चार माणसं सोफ्यावर असतील तर मी म्हणेन डबल इन्डेम्निटी लावा, दुसरा पुढच्या आठवड्यात, जेवणं उरकून.