आधी एसएमपीएसची पाटी, मग ग्राफिक कार्ड: आरटीएक्स ३०५० (६ जीबी) चार महिने वापरल्यावर

मी पंचवीस वर्षं वायरमनचं काम करतो. पुण्यातला धनकवडी, बालाजीनगर, कात्रज हा माझा पट्टा. कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नव्हतं, पण लोड कळतो. यंदा ग्राफिक कार्ड घेताना हेच ज्ञान कामाला आलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

लेक आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्यासाठी दोन वर्षांपूर्वी एका कंपनीतून निघालेला सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला होता. आय५ आठव्या पिढीचा, १६ जीबी रॅम, उभं कॅबिनेट. नकाशे काढायला उत्तम चालत होता. यंदा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र तयार करणं) सुरू झाले आणि एका खोलीच्या चित्राला पाऊण तास लागायला लागला. सबमिशनच्या आदल्या रात्री ती दोनला गजर लावून उठायची आणि चित्र झालं का बघायची. ते बघवेना. म्हटलं, वीस हजारांपर्यंत जमवतो, कार्ड घेऊ.

तपकीर गल्लीत माझं वायर, एमसीबी घ्यायला आठवड्यातून एकदा तरी जाणं असतं. तिथून पुढे मध्यवस्तीतल्या तीन-चार कॉम्प्युटरच्या दुकानांत चौकशी केली. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, "काका, बजेट किती?" एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, किती वॅटचा आहे, हे एकानेही विचारलं नाही. घरात गिझर बसवायचा असेल तर मी आधी मीटर, मेन वायर आणि अर्थिंग बघतो. गिझर कोणत्या कंपनीचा हा प्रश्न त्यानंतरचा. इथे सगळं उलटं चाललं होतं.

घरी येऊन कॅबिनेटची बाजू उघडली आणि एसएमपीएसची पाटी वाचली. एकूण २६० वॅट, आणि जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टच्या लाइनवर. हे महत्त्वाचं आहे, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात. कार्डासाठी वेगळी सहा किंवा आठ पिनांची वायर मात्र त्यात नव्हती. मदरबोर्डला जाणारी पिनही बाजारात मिळते तशी २४ पिनांची नव्हती, कंपनीची स्वतःची. म्हणजे एसएमपीएस बदलायचा म्हटलं तर साधा बसणार नाही.

मग कागदावर हिशोब मांडला. प्रोसेसर ६५ वॅटचा, पण जोर लावला की थोडा वर जातो, म्हणून ८० धरले. मदरबोर्ड, रॅम, एक एसएसडी, एक जुनी हार्डडिस्क आणि पंखे मिळून ४०. एसएमपीएस पाटीवरच्या आकड्याच्या ८० टक्क्यांवर नेऊ नये, ही माझी सवय. २६० चे ८० टक्के २०८. उरले ८८ वॅट. शिवाय मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ही त्या स्लॉटची ठरलेली मर्यादा. त्यावर लागलं तर वेगळी वायर हवी: सहा पिनेची ७५ वॅट देते, आठ पिनेची १५०. आमच्याकडे वायरच नाही. म्हणजे ७५ वॅटच्या आतलं, वेगळी वायर न मागणारं कार्ड. इतकं ठरल्यावर दुकानातली निम्मी यादी आपोआप गळाली.

आरएक्स ६६०० मला पैशाच्या मानाने सगळ्यात चांगलं वाटलं होतं, पण ते १३२ वॅट घेतं. आरटीएक्स ४०६० वेगाच्या मानाने कमी खातं, ११५ वॅट, तरी आठ पिनेची वायर लागतेच आणि बजेटच्याही बाहेर. जुनं आरएक्स ५८० एकाने फार स्वस्तात देऊ केलं. ते १८५ वॅटचं. आमच्या २६० च्या एसएमपीएसवर ते लावणं म्हणजे एका खोलीच्या वायरवर तीन एसी.

एका दुकानात मात्र माझा वाद झाला. नाव लिहीत नाही. तिथल्या मुलाने ३०५० चं ८ जीबीचं कार्ड दाखवलं आणि म्हणाला, "काका, काळजी करू नका, हार्डडिस्कच्या दोन पिना जोडून आठ पिनेचा कन्व्हर्टर मिळतो, दीडशे रुपये." मी त्याला विचारलं, हार्डडिस्कच्या एका पिनेतून किती अँपिअर जातात? त्याला सांगता आलं नाही. हार्डडिस्कला वीज देणाऱ्या त्या जोडात (साटा पॉवर) १२ व्होल्टचे तीन संपर्क असतात, प्रत्येकी दीड अँपिअरचे. साडेचार अँपिअर गुणिले १२, म्हणजे ५४ वॅट. दोन जोडले तर १०८. आणि आठ पिनेचं तोंड १५० वॅट मागू शकतं. हे म्हणजे गिझरचा सोळा अँपिअरचा टॉप कन्व्हर्टर लावून सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालणं. असे वितळलेले सॉकेट मी शेकड्याने बदललेत. एका घरात तर मागची भिंत काळी झाली होती आणि शेजारी बाळ झोपायचं. मी त्या मुलाला हे सगळं शांतपणे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण गिऱ्हाईक गेलं हेच त्याला जास्त लागलं असावं.

दुसरीकडे "४५० वॅटचा एसएमपीएस हजारात टाकून देतो" असं म्हणाले. पाटी मागितली. वर मोठ्या अक्षरात ४५०, खाली १२ व्होल्टला १४ अँपिअर. १६८ वॅट झाले! आमचा जुना २६० चा त्याच्यापेक्षा दणकट. कृपा करून मोठा आकडा वाचू नका. १२ व्होल्टच्या पुढचे अँपिअर वाचा आणि बाराने गुणा.

७५ वॅटच्या आत उरली चार कार्डं. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेतं, पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटा जाण्या-येण्याच्या वाटा) वापरतं आणि आमचा बोर्ड जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसचा, तिथे त्याचा वेग पडतो. व्हिडिओ एन्कोडरही (व्हिडिओ फाइल झटपट बनवणारा भाग) त्यात नाही आणि लेकीला वॉकथ्रूचे व्हिडिओ करायचे असतात. इंटेलचं आर्क ए३८० सहा जीबीचं, व्हिडिओला फार छान, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो. इंटेल दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सांगते, आमचा आठवा. जीटीएक्स १६५० चार जीबीचं, विश्वासाचं, पण रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब करणारे, वेगळे कोअर त्यात नाहीत. आणि त्यातली बरीच मॉडेलं ७५ वॅटची असूनही सहा पिनेची वायर मागतात, तेव्हा खोक्यावरचं चित्र नीट बघा.

राहिलं आरटीएक्स ३०५०, ६ जीबी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं, ७० वॅटचं. नावावर मात्र जाऊ नका: ३०५० नावाचं ८ जीबीचं कार्ड २०२२ चं आहे, ते १३० वॅट घेतं आणि वायर मागतं. दोन जीबीचाच फरक वाटतो, पण ६ जीबीत कोअरही कमी आहेत, २५६० च्या जागी २३०४, आणि मेमरीची वाट १२८ च्या जागी ९६ बिटची. आमच्यासाठी तो कमीपणाच सोयीचा ठरला. कंपनी यासाठी ३०० वॅटचा एसएमपीएस सुचवते. माझा २६० चा. ही जोखीम मी हिशोब करून घेतली. तुमची पाटी वेगळी असेल, तर हिशोबही तुमचाच हवा.

सदाशिव पेठेतल्या एका छोट्या दुकानातून साडेसतरा हजारांना घेतलं, जीएसटीसह पक्कं बिल. त्या माणसाने बॉक्स माझ्यासमोर उघडला आणि कार्डाला पॉवरची पिन नाही हे स्वतःहून दाखवलं. तिथेच मन बसलं.

बसवायला दहा मिनिटं लागली. जुन्या हार्डडिस्कची एक वायर पंख्याला घासत होती, ती बांधून घेतली. मग माझा प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर जोडला. नुसता चालू असताना ३८ वॅट, रेंडर चालू असताना १४८. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही मुद्दाम ताणले तेव्हा १९० च्या वर काटा गेला नाही, तोही भिंतीतून ओढलेला आकडा. ६०० व्हीएचा यूपीएस न कुरकुरता सांभाळतो. एप्रिलमध्ये खोलीत पंखाच होता, तेव्हाही तीन-तीन तास रेंडर चालले, मशीन एकदाही बंद पडलं नाही.

आणि ती पाऊण तासाची खोली? ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्स (कार्डाचे रे ट्रेसिंगचे कोअर वापरणारा पर्याय) निवडून पाच मिनिटांच्या आत-बाहेर. पहिलं चित्र झालं तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, झालंसुद्धा!" आणि पुन्हा एकदा लावून बघितलं, खरंच का म्हणून. मला त्या रात्री फार बरं वाटलं.

उणीव एकच, पण खरी आहे. सहा जीबी पुरत नाही तेव्हा पुरत नाही. गेल्या महिन्यात तिने एका प्लॉटवर शंभरेक झाडं लावली, प्रत्येक पान वेगळं, आणि मेमरी संपल्याचा संदेश आला. आता ती एकच झाड बनवते, त्याच्याच प्रती पसरवते आणि टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चिकटवायची चित्रं) अर्ध्या आकाराचे ठेवते. त्यावर काम भागतं. ज्यांना मोठी बाहेरची दृश्यं रोज करायची आहेत त्यांनी हे कार्ड घेऊ नये. त्यांनी मशीनच चांगल्या एसएमपीएससकट नवीन बांधावं.

कॅबिनेट आडवं, चपटं असेल तर अर्ध्या उंचीचं मॉडेल मागा, तेही या कार्डात मिळतं. आणि कार्ड लावण्याआधी घरातल्या सॉकेटचं अर्थिंग कोणाकडून तरी तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले, तर आधी ते दुरुस्त करा. आमच्या बिल्डिंगमध्ये अकरा दिसले होते. मी दोन दिवस खालच्या अर्थिंगच्या पट्टीवर काम केलं, ते दोनवर आणलं आणि तेव्हाच कार्डाचा बॉक्स फोडला.