‘मेट्रो स्टेशनला थेट जोडलेला’ गाळा

आम्हाला गंडवणाऱ्यांनी सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही पुण्याची तिसरी मेट्रो मार्गिका खरी, तिची २३ स्टेशनं खरी, डिसेंबर २०१८ मध्ये भूमिपूजन झालं हेही खरं. स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत मोठा भूखंड असेल आणि पुढचा रस्ता पुरेसा रुंद असेल तर चारपर्यंत एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) मिळू शकतो, हे त्यांनी छापलं होतं आणि नियमावलीत ते आहे. खोटा होता तो फक्त एक छोटासा पूल. स्टेशनातून निघालेला माणूस रस्त्यावर न उतरता सरळ आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर येणार, असा पूल. त्या पुलापायी माझ्या निवृत्तीच्या पैशांतले ५१ लाख अडकले.

बिल्डरचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. पण पद्धत लिहितो, कारण तीच पद्धत आता इतर मार्गिकांवरही चाललेली ऐकतो.

मार्च २०२२ मध्ये वनाज-गरवारे आणि पिंपरी-फुगेवाडी हे मेट्रोचे पहिले टप्पे सुरू झाले. तेव्हा पुण्यात वातावरणच असं होतं की मेट्रोशेजारी काही घेतलं नाही तर आपण मागे पडलो. त्यात १ एप्रिलपासून मुद्रांक शुल्काबरोबर मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्का मेट्रो अधिभार लागणार होता. मार्चअखेरीस नोंदणी कार्यालयांत रांगा होत्या. याच गडबडीत आम्हाला त्या प्रकल्पाच्या विक्री कार्यालयात नेलं. मागे राहण्याच्या इमारती, पुढे रस्त्याला लागून दुकानं, त्यावर ऑफिसं, मध्ये खाण्यापिण्याची जागा. मिश्र वापराचा प्रकल्प. टेबलावर काचेच्या पेटीत मॉडेल होतं आणि त्यात मेट्रोच्या स्टेशनपासून इमारतीपर्यंत निळ्या दिव्यांचा पूल लावलेला होता. विक्रीचा मुलगा बोलायला गोड. भिंतीवरच्या पडद्यावर त्याने नवी मुंबईच्या सीवूड्स स्टेशनचे फोटो दाखवले. प्लॅटफॉर्मवरून वर आलं की समोर मॉल.

सीवूड्सची गोष्ट मला नंतर नीट कळली. तिथे सिडकोने स्टेशन आणि त्यावरचा व्यापारी विकास एकाच निविदेत काढला होता, म्हणजे जोडणी मूळ आराखड्यातच होती. आपल्या इथल्या उन्नत मार्गिकेचं तसं नाही. स्टेशनचे जिने आणि लिफ्ट रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, ठरलेल्या जागी उतरतात. खासगी इमारतीतून पूल काढायचा तर मेट्रोच्या प्राधिकरणाची परवानगी हवी, स्टेशनच्या रचनेत तो बसायला हवा, खर्च कोणी करायचा त्याचा करार हवा. फोटो खरा आणि तो दाखवण्याचं कारण खोटं.

हिने तिथेच विचारलं, “पूल कोण बांधणार?”

“काकू, मेट्रोवालेच. त्यांनाही गर्दी हवीच असते ना.”

या पुलाला एवढं महत्त्व का, तर भावासाठी. उपनगरात पहिल्या मजल्यावरचा गाळा तळमजल्यापेक्षा बराच स्वस्त जातो, कारण गिऱ्हाईक जिना चढून येत नाही. इथे उलटं सांगण्यात आलं. लोक वरूनच येणार, म्हणून पहिला मजला हाच खरा तळमजला. त्या हिशेबाने २२० चौरस फूट कार्पेटच्या, म्हणजे आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेच्या, गाळ्याचे सामाईक जागा धरून ३५२ ‘सेलेबल’ फूट झाले, १८ हजारांचा दर लागला आणि किंमत ६३ लाखांच्या वर गेली. साठ टक्के लोडिंग, म्हणजे कार्पेटवर चढवलेली वाढ! रेरा हा बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आल्यापासून हिशेब कार्पेटवर व्हायला हवा, पण दुकानांच्या व्यवहारात बोलणी अजून सेलेबलवरच होतात आणि करारनाम्यात शेवटी कार्पेट लिहितात.

पैसे घेण्याची रीत जास्त हुशारीची होती. कायद्याप्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. बिल्डरने ती मर्यादा मोडलीच नाही. त्याने साडेचार लाख घेतले. त्याच दिवशी ‘भाडेकरू आणणे व सजावट’ या नावाखाली १५ लाख दुसऱ्याच एका एलएलपीच्या, म्हणजे भागीदारी संस्थेच्या, खात्यात घेतले. पावती वेगळी, लेटरहेड वेगळं, पत्ता मात्र त्याच मजल्यावरचा. त्या एलएलपीने पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सामंजस्य करार करून दिला. भरलेल्या रकमेवर ताबा मिळेपर्यंत वर्षाला ९ टक्के ‘खात्रीचं भाडं’, पुढच्या तारखांचे चेक सोबत. या कागदावर बिल्डरची सही कुठेच नव्हती. हे ज्याने ठरवलं त्याला पुढे काय होणार आहे ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अधिभार वाचवायचा म्हणून घाई केली, ती तर निव्वळ थाप होती. ३१ मार्चच्या आत नोंदणी होणं शक्यच नव्हतं, कारण दुकानांची ती इमारत तेव्हा महारेरात, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेलीच नव्हती. माहितीपत्रकावर क्रमांक होता, संकेतस्थळावर टाकला की प्रकल्पही निघायचा. पण तो मागच्या राहत्या इमारतीचा क्रमांक होता. मिश्र वापराचे प्रकल्प टप्प्याटप्प्याने नोंदवतात, एकेका इमारतीला वेगळा क्रमांक असतो. नोंदणीआधी जाहिरात किंवा बुकिंग करायला कायद्याने मनाई आहे, म्हणून शेजारच्या इमारतीचा क्रमांक पांघरून दुकानं विकली. आमच्या इमारतीची नोंदणी २०२३ मध्ये झाली आणि करारनामा त्यानंतर. अधिभार अर्थातच पूर्ण भरला.

करारनाम्याचा मसुदा नोंदणीच्या दिवशी सकाळी हातात पडला. इंग्रजीत, जाडजूड. हिने पुन्हा पूल शोधला. नव्हता. मुलगा म्हणाला, “काकू, पूल मेट्रोच्या हद्दीत येतो, तो बिल्डरच्या करारनाम्यात कसा असेल?” आता सांगा, यावर सामान्य माणूस काय बोलणार? वाक्य बिनचूक आहे. शिवाय साडेएकोणीस लाख आधीच गेलेले आणि सही केली नाही तर टोकनमधून कापून घेऊ असं अर्जातच छापलेलं. शेवटच्या पानांत एक कलम होतं की या करारनाम्यापूर्वीची सर्व पत्रकं, जाहिराती आणि तोंडी आश्वासनं यापुढे लागू नाहीत. हे कलम बहुतेक सगळ्याच करारनाम्यांत असतं, म्हणून त्याकडे कोणी बघत नाही.

पुढे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्ते गेले आणि बिल्डरकडे एकूण ३६ लाख जमा झाले. भाडं सुरुवातीला अगदी वेळेवर यायचं. त्या भरवशावर आमच्याच ओळखीतल्या दोघांनी गाळे घेतले. विक्रीवाल्यांना हेच हवं असतं. आपल्याला परत आलेलं भाडं म्हणजे आपलाच पैसा, टीडीएस कापून.

मग एक चेक परत आला. फोन केला तर, “काका, बँकेची थोडी अडचण आहे, पुढच्या आठवड्यात परत टाका.” परत टाकला, परत आला. पुन्हा तेच उत्तर. इथे जरा थांबून सांगतो, कारण आमच्यातल्या कित्येकांचा हक्क याच ठिकाणी गेला. चेक त्याच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. तो न वटल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. ‘परत टाका’, ‘साहेब बाहेरगावी आहेत’, ‘दिवाळीनंतर एकरकमी देतो’ हे सगळं या मुदती उलटाव्यात म्हणूनच चाललेलं असतं. आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, “शेवटचा मेमो कुठल्या तारखेचा?” तो मुदतीत होता म्हणून निदान ते चेक न्यायालयात आहेत. आधीच्यांचा तो मार्ग बंद झाला. मेमो जपून ठेवा, फोनवर बोलणं झालं तरी नोटीस पाठवा.

पुलाचा निकाल त्यामानाने झटपट लागला. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून मेट्रोच्या प्राधिकरणाला विचारलं की अमुक स्टेशनातून तमुक भूखंडावर पादचारी पूल जोडण्याचा प्रस्ताव आला आहे का, मंजूर आहे का. उत्तर आलं, असा कोणताही प्रस्ताव प्राप्त झालेला नाही. मंजूर नाही असंही नाही, मागितलाच नव्हता. स्टेशनचा जिना आमच्या इमारतीपासून बराच पुढे, चौकाच्या पलीकडे उतरतो. आमचा ‘खरा तळमजला’ म्हणजे आता जिना चढून जायचा, कोणी न फिरकणारा पहिला मजला आहे.

आणखी एक गोष्ट महारेराच्या संकेतस्थळावरच दिसत होती. मंजूर मजले आणि प्रस्तावित मजले तिथे वेगवेगळे दाखवावे लागतात. मंजूर होते चार, प्रस्तावित कितीतरी जास्त. वरचे मजले स्टेशनजवळच्या वाढीव एफएसआयमधून यायचे होते. तो एफएसआय आपोआप मिळत नाही, त्यासाठी अधिमूल्य, म्हणजे जादा बांधकामाचं शुल्क, भरावं लागतं, आणि ते भरल्याचा कागद कुठेच नव्हता. म्हणजे माहितीपत्रकातली उंच इमारत, तिच्यातल्या ऑफिसांत काम करणारे लोक, ते जेवायला खाली येणार म्हणून चालणारी दुकानं, सगळं अजून न घेतलेल्या परवानगीवर उभं होतं.

महारेरात तक्रार केली. ऑनलाइन होते, शुल्क पाच हजार. बिल्डरच्या वकिलाने अपेक्षेप्रमाणे ते शेवटच्या पानावरचं कलम पुढे केलं. पण रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये जाहिरात किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाईचा, आणि बाहेर पडायचं असेल तर सव्याज परताव्याचा हक्क दिला आहे. आमच्याकडे माहितीपत्रकाची छापील प्रत होती, मॉडेलचा फोटो होता आणि मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं ‘डायरेक्ट मेट्रो एंट्री, फर्स्ट फ्लोअर’ असं पत्रक होतं. हिने ते सगळं एका फायलीत लावून ठेवलं होतं. ज्यांनी माहितीपत्रक रद्दीत घातलं त्यांची अवस्था आमच्यापेक्षा वाईट आहे.

आदेश आमच्या बाजूने झाला. ३६ लाख सव्याज परत, स्टेट बँकेच्या कर्जदराच्या वर दोन टक्के. पैसे मात्र आलेले नाहीत. आदेश पाळला नाही की वसुली वॉरंट निघतं, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली व्हायची असते आणि तहसील कार्यालयात अशा वॉरंटांची चळत असते. वृत्तपत्रात ‘ग्राहकाला दिलासा’ असा मथळा येतो तेव्हा तो दिलासा बहुधा या चळतीत असतो.

एलएलपीचे १५ लाख या आदेशात नाहीत. ते बिल्डरच्या खात्यात गेलेच नव्हते आणि ज्या कागदावर ते दिले त्यावर त्याची सही नाही. त्यासाठी आम्ही गाळेधारकांनी मिळून आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली आहे. ठेवीदारांच्या संरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्याखाली ती बसते असं वकीलबाईंचं म्हणणं आहे, समोरच्याचं म्हणणं की ही ठेव नव्हे, सेवाशुल्क आहे. वाद तिथे आहे.

आमच्या वेळी नव्हत्या अशा दोन सोयी आता आहेत. ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो मोबाइलने उघडा आणि फक्त नाव जुळतं का ते पाहू नका, तुमची इमारत तीच आहे का आणि तुमच्या गाळ्याचा क्रमांक यादीत आहे का ते बघा. दुसरं, जुलै २०२४ पासून गिऱ्हाइकाचा सगळा पैसा नोंदणीकृत प्रकल्पाच्या एकाच ठरलेल्या खात्यात जमा व्हायला हवा. भाडेकरू, सजावट, क्लब, काहीही नाव देऊन दुसऱ्या खात्याचा क्रमांक पुढे केला तर तिथूनच उठा. आणि पूल, स्कायवॉक, सबवे असं काही दाखवत असतील तर मेट्रोच्या प्राधिकरणाचं परवानगीपत्र मागा. ‘प्रक्रियेत आहे’ म्हणाले तर अर्जाचा आवक क्रमांक मागा.

गेल्या महिन्यात त्या इमारतीवर नवा फलक लागला. प्रकल्पाचं नाव बदललंय, विक्री करणारी संस्था वेगळी आहे, क्यूआर कोड आहे आणि तो बरोबर इमारतीचाच आहे. चित्रातला पूल तेवढा तसाच आहे, या वेळी खाली बारीक अक्षरात ‘कलाकाराची कल्पना’ असं लिहून. त्या भागातून कोणाला फोन आला, आणि फर्स्ट फ्लोअरचा गाळा तळमजल्याच्या भावात सांगितला, तर माहितीच्या अधिकारातल्या त्या उत्तराची प्रत आमच्या कुठल्याही गाळेधारकाकडे मिळेल.