१०८ नगांची टूल किट: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पेचकसाचं टोकच मऊ असेल तर बाकीच्या १०७ नगांचं करायचं काय? या किटबद्दल मला मुख्य तक्रार हीच आहे आणि पुढे बरंचसं लिखाण त्याबद्दलच आहे. निळी प्लॅस्टिकची पेटी, आत प्रत्येक नगाला साचा, दांड्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' असा ठसा. अशा किट ऑनलाइन सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, म्हणून आत काय काय येतं ते सांगत बसत नाही. मी फेब्रुवारीत १,४९९ रुपयांना घेतली. नागपुरात मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये नुकतेच आलो होतो, कामं ढीगभर होती, आणि आजकाल कोणालाही बोलवा, हात लावायच्या आधीच येण्याचे दोनशे-तीनशे ठरलेले.

पहिले दोन महिने मी खूश होतो. पडद्याचे रॉड, दाराचे स्टॉपर, गिझरखालचा अँगल कॉक, सगळं त्याच पेटीवर निभावलं. बहिणीलाही हीच घे म्हणून सांगणार होतो. मग मे उजाडला.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, नागपुरात दुपारी कूलर बंद पडणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या घरात आणि कूलरची मोटर नुसती गुणगुणते, पंखा फिरत नाही. काठीने पात्याला हलका धक्का दिला की फिरायला लागतो. हे लक्षण बहुतेक वेळा कपॅसिटर गेल्याचं, म्हणजे मोटरला फिरायला सुरुवात करून देणारी डबी. वस्तू पन्नास-साठ रुपयांची, बदलायला दहा मिनिटं. प्लग काढला, पाणी उपसलं, मागची ताटी बाजूला केली. कपॅसिटरच्या डबीला एकच स्टार (फुलीच्या खाचेचा) स्क्रू, वरून थोडा गंजलेला. किटमधला दोन नंबरचा स्टार लावला, दाबून फिरवला आणि टोक खाचेतच गरकन फिरलं. मला वाटलं स्क्रूचं डोकं गेलं. बॅटरी मारून पाहिलं तर स्क्रूची खाच शाबूत होती. पेचकसाच्या चारही पाकळ्यांच्या कडा गोल झाल्या होत्या, वरचा मुलामा खवल्यांसारखा सुटला होता आणि खालून पांढरट धातू दिसत होता. एका स्क्रूत!

शेजारच्या काकांनी त्यांचा जुना हिरव्या मुठीचा पेचकस दिला. स्क्रूवर तेलाचे दोन थेंब, पाच मिनिटं थांबणं, पेचकस खाचेत उभा धरून मुठीवर हातोडीने दोन हलके ठोके, मग अंगाचा भार देऊन फिरवणं. कर्र करून स्क्रू सुटला. कपॅसिटरवर जितके मायक्रोफॅरड लिहिलेले असतात तितक्याचाच नवा आणायचा. जुन्याला हात लावण्याआधी त्याच्या दोन्ही तारा जुन्या तारेच्या (एलईडी नव्हे) बल्बच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायच्या, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते.

मग कस्टमर केअर. आधी फोटो मागितला, मग व्हिडिओ, मग मूळ खोका आहे का विचारलं, आणि शेवटी उत्तर आलं की टोक झिजणं वॉरंटीत बसत नाही, तो 'वापराचा भाग' आहे. अहो, पेचकस वापरायचा नाही तर काय शोकेसमध्ये ठेवायचा? तीनदा तेच उत्तर आल्यावर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, असं स्पष्ट आहे. मेलमध्ये हा नियम लिहिल्यावर भाषा एकदम बदलली. ४०० रुपये परत आले आणि बदली पेचकसांचा एक संचही आला. रक्कम लहान म्हणून सोडून देणाऱ्यांना सांगतो, ग्राहक आयोगातही ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. माझं काम त्याआधीच झालं.

बदली संच घेऊन इतवारीत लोहाओळीत, लोखंडी सामानाच्या बाजारात गेलो. ज्या दुकानातून आमच्या घरी पूर्वीपासून कडी-कोयंडे येतात, तिथल्या काकांपुढे ठेवला. त्यांनी खणातून एक बारीक कानस काढली आणि टोकाच्या कडेवर एकदा ओढली. राखाडी कीस काउंटरवर पडला. मग त्यांनी त्यांच्याकडचा पेचकस घेतला, तीच कानस ओढली, ती घसरली, जेमतेम एक रेघ उठली. "हे पाहा जी, याले पाणीच नाही देल्लं बरोबर. वरून नुसती चमक हाय." पोलादाला पाणी देणं म्हणजे लाल तापवून एकदम थंड करायचं आणि मग थोडं परत तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. क्रोम व्हॅनेडियमचा ठसा मारला म्हणून टोक कडक होत नाही, ते या पाण्यावर ठरतं. आणि खोक्यावर मिश्रधातूचं नाव ठळक असतं, कडकपणाचा आकडा कुठेच नसतो. माझा खरा राग या लपवाछपवीवर आहे.

"एवढे नग कायले पायजे घरात? स्टारचे दोन, चपटे दोन. झालं." असं म्हणून त्यांनी चार पेचकस पुढे केले. मी तापरियाचे घेतले. नाशिकच्या सातपूरची कंपनी, माझ्या वडिलांच्या पेटीतही तिचीच पक्कड होती. स्टारमध्ये एक नंबर आणि दोन नंबर. घरातले दहातले आठ स्क्रू दोन नंबरचे असतात, एक नंबर स्विचबोर्डाच्या आतल्या बारीक स्क्रूंना आणि रिमोट-खेळण्यांना लागतो. नंबर बरोबर आहे का ते पाहायची सोपी रीत: टोक खाचेत बसवून हात सैल करायचा, पेचकस लगेच घरंगळला तर तो लहान आहे.

अजून एक गोष्ट मला याच प्रकरणात कळली, आणि मॉड्युलर किचन असलेल्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी. कपाटांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू दिसायला स्टारच, पण नीट पाहिलं तर मोठ्या फुलीच्या मधोमध चार बारीक तिरप्या रेघा दिसतात. हा पोझिड्राइव्ह. साधा फिलिप्स, म्हणजे आपला नेहमीचा स्टार, त्यात बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की वर उचलला जातो. हेन्री फिलिप्सच्या १९३० च्या दशकातल्या फुलीच्या कडा उतरत्या आहेत, त्यामुळे जास्त जोर आला की टोक बाहेर फेकलं जातं. पोझिड्राइव्हच्या कडा जवळजवळ सरळ आहेत. त्याचा दोन नंबरचा पेचकस वेगळा मिळतो, मी तो घेतला, आणि ओट्याखालचं कुरकुरणारं दार पंधरा मिनिटांत सरळ झालं. किटमधल्या चाळीस बिटांमध्ये (मुठीत बसवायच्या सुट्या टोकांमध्ये) हे एक बिट नव्हतं. सहा टोकांच्या चांदणीची टॉर्क्स होती, जी नागपुरातल्या कुठल्या घरात लागते मला माहीत नाही.

बाकीची खरेदी भराभर झाली. आठ इंची पक्कड, एक नोज प्लायर, दहा इंची अ‍ॅडजस्टेबल पाना, एक हॅक्सॉची (लोखंड कापायच्या करवतीची) पाती आणि तिची छोटी मूठ, तीन मीटरचा टेप, कटर. पान्याचा जबडा मात्र दुकानातच हलवून पाहा. खालचा जबडा डुगडुगत असेल तर तो नटाचे कोपरे खातो. नटाला पाना लावताना जोर वरच्या, न हलणाऱ्या जबड्यावर येईल असा धरायचा. पितळी क्रोमच्या तोटीवर पाना लावताना मध्ये जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला तर ओरखडे येत नाहीत. टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेनेच गुंडाळायची, म्हणजे आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. उलटी गुंडाळली तर पाईप फिरवताना ती उसवत जाते आणि दुसऱ्या दिवशी थेंब सुरू.

इथपर्यंत लिहिलं होतं आणि ती निळी पेटी भंगारात द्यावी, असं स्वच्छ मत झालं होतं. ऑगस्टमध्ये ते बदलावं लागलं. गाडीच्या बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं मीठ जमून गाडी सुरूच होईना. कोपऱ्यातल्या नटापर्यंत माझा पाना पोचत नव्हता. किटमधला रॅचेट (नट न सोडता मागेपुढे फिरवता येणारी मूठ), त्याला छोटी एक्स्टेंशन आणि १० नंबरचं सॉकेट (नटावर बसणारी टोपी) लावलं आणि दोन मिनिटांत क्लॅम्प सुटला. (निगेटिव्ह आधी काढायचा, लावताना शेवटी.) त्यानंतर पंख्याच्या हुकाचा बोल्ट, वॉशिंग मशीनचे पाय, मुलाच्या सायकलची सीट, सगळीकडे तीच सॉकेटं वापरली आणि एकही घसरलं नाही. तेव्हा न्यायाने सांगायचं तर सॉकेटं चांगली आहेत आणि तेवढ्यासाठी पेटी ठेवली आहे. सुटी सॉकेटं-रॅचेट घेतली असती तर जवळपास तितकेच पैसे गेले असते. म्हणजे माझे गुण पाचपैकी दोनवरून तीन. पेचकस असेच राहिले तर तीनच्या वर मी जाणार नाही.

टेस्टरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे गोष्ट जिवाची आहे. किटमधला टेस्टर मी पहिल्याच आठवड्यात बाजूला काढला, मुठीच्या प्लॅस्टिकला केसाएवढी चीर होती. पण चांगल्या टेस्टरचीही मर्यादा आहे. त्यातल्या निऑनमधून अगदी सूक्ष्म प्रवाह जातो आणि तो आपल्या अंगातून जमिनीकडे जातो, म्हणून तो पेटतो. लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभं राहिलं तर तो मंद पेटतो. खिडकीबाहेरच्या कूलरपाशी भर उन्हात तर पेटलेलाही दिसत नाही. 'टेस्टर पेटला नाही, म्हणजे करंट नाही' असं कधीच धरू नका. आधी चालू बोर्डावर तपासून घ्या, मगच बंद जागी लावा. न्यूट्रल तुटला असेल आणि बोर्डावर काही चालू राहिलं असेल तर प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि माणूस चक्रावतो.

म्हणून हत्यारांच्या बॅगेत मल्टीमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचा मीटर) पाहिजेच, तीनशेच्या आसपासचा साधासुद्धा घरात पुरतो. एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवून फेज-न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास दिसलं पाहिजे, आणि फेज-अर्थिंगमध्येही जवळपास तेवढंच. आमच्या बाल्कनीतल्या प्लगवर फेज-अर्थिंगमध्ये आकडा भलताच कमी आला. मेन बंद करून प्लगचा बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी तार स्क्रूखालून निसटून नुसती लोंबत होती. तीन पिनांमधली अर्थिंगची पिन लांब असते ती याचसाठी, प्लग घालताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी. तिच्यामागची तारच सुटलेली असेल तर त्या लांबीला काही अर्थ उरत नाही. पत्र्याचा कूलर, खाली पाणी, ओल्या हातांची लहान मुलं. विदर्भात कूलरच्या शॉकने माणसं गेल्याच्या बातम्या उन्हाळ्यात वाचायला मिळतात, महावितरणही दरवर्षी बजावतं. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात असताना प्लगमध्ये अजिबात घालू नका. आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, त्याचा खटका खाली पडला पाहिजे.

पेटीऐवजी बॅग का, हेही सांगतो. पेटीत प्रत्येक नगाला स्वतःचा साचा, त्यात बाहेरून आणलेली एकही वस्तू मावत नाही. मी जाड कॅनव्हासची, वरून पूर्ण उघडणारी बॅग घेतली. चेनपेक्षा बकल बरं, चेनमध्ये सिमेंटची धूळ जाऊन ती अडकते. ओली हत्यारं तशीच टाकू नका, पावसाळ्यात चार दिवसांत तांबेरा धरतो. मशीनच्या तेलाचं फडकं आत ठेवलं की पुरे. एम-सील आणि फेविक्विक बॅगेत न ठेवता घरात थंड जागी ठेवा. बाल्कनीच्या कपाटात मे महिन्यात दोन्ही बाद झाले. जुलैमध्ये दार फुगून अडकायला लागलं म्हणून रंधा घ्यायला धावू नका. लाकूड पाणी पितं म्हणून फुगतं, दसऱ्यापर्यंत कोरडं होऊन बरंचसं मागे येतं. पावसात रंधा मारलेलं दार हिवाळ्यात फटी दाखवतं.

ड्रिल मशीन अजून घेतलेली नाही आणि घेणारही नाही. वर्षातून पाच-सात भोकांसाठी अडीच हजार घालण्यापेक्षा सोसायटीतल्या एकाची आहे, ती मागून आणतो. त्याच्या बदल्यात मी माझ्या पैशाने ६ मिलिमीटरची चांगली मेसनरी बिट, त्याच मापाच्या गिट्ट्या (भोकात ठोकायचे प्लॅस्टिकचे प्लग) आणि ३५ बाय ८ चे (३५ मिलिमीटर लांब, ८ नंबर जाडीचे) स्क्रू डबीत भरून ठेवले आहेत. बिट स्वतःची असावी, दुसऱ्याची बोथट बिट भिंतीत भोक मोठं करते आणि गिट्टी फिरत राहते. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडत नाही, वायरिंगचा पाईप बहुतेक तिथूनच गेलेला असतो.