पाइनच्या जंगलात घर: वाळकी झाडं पाडावीत की जिवंत झाडांची विरळणी करावी?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरहून डोंगराकडे निघालं की उतारांवर लाल पडलेली, पुढे करडी झालेली पाइनची झाडं दिसतात. तिकडे घर घेतलेल्या किंवा घ्यायला निघालेल्या मराठी कुटुंबांना साहजिकच वाटतं की ही वाळकी झाडं पाडली की वणव्याची भीती गेली. मला हा क्रम पटत नाही. पैसा मोजका असेल तर आधी घर आणि त्याला लागूनची जागा, मग जिवंत झाडांची विरळणी (दाटी कमी करायला काही झाडं काढणं) आणि वाळकी झाडं त्यानंतर. घरावर, वाटेवर किंवा विजेच्या तारांवर कोसळू शकतील अशी वाळकी झाडं मात्र लगेच काढावीत.

झाडं मारणारा माउंटन पाइन बीटल हा तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा. भर उन्हाळ्यात तो उडतो, सालीखाली शिरून अंडी घालतो आणि सोबत बुरशी नेतो. झाडाचं अन्नपाणी तुटतं. धडधाकट झाड राळ सोडून त्याला बाहेर ढकलतं. दुष्काळात तहानलेल्या किंवा दाटीत उपाशी राहिलेल्या झाडाला ते जमत नाही. १९९६पासूनच्या साथीत कोलोरॅडोत सुमारे ३४ लाख एकर जंगलाला याची झळ बसली.

मेलेल्या झाडाचा धोका काळानुसार बदलतो. पुढच्या उन्हाळ्यात सुया लाल होतात, त्यांत पाणी जवळजवळ उरत नाही आणि त्या चटकन पेटतात. हा काळ सर्वांत वाईट. काही वर्षांत सुया गळतात. मग शेंड्याशेंड्यांवरून धावणाऱ्या आगीला वर जळण कमी मिळतं. पुढे खोडं आडवीतिडवी पडली की जमिनीवरची आग जास्त तापते, अग्निशमन दलाच्या माणसांना आत शिरणं कठीण होतं आणि उभी खोडं अंगावर पडण्याची भीती असते ती वेगळीच. म्हणून घराजवळच्या लाल झाडांवर खर्च करणं योग्य; दूरच्या उतारावरच्या करड्या झाडांवर नाही.

२०१५च्या एका अभ्यासात पश्चिम अमेरिकेत या भुंगेऱ्याच्या साथीमुळे जळालेलं क्षेत्र वाढल्याचं आढळलं नाही. कोलोरॅडोतली २०२०ची ईस्ट ट्रबलसम आग वाळक्या लॉजपोल जातीच्या पाइनमधून गेली हे खरं, पण ऑक्टोबरमधल्या एका दिवसात ती लाखभर एकर पसरली यामागे दुष्काळ आणि सोसाट्याचा वारा होता. डोंगरमाथ्यावरचा झाडं नसलेला पट्टा ओलांडून तिच्या ठिणग्या पलीकडे पडल्या. कोलोरॅडोतल्याच डिसेंबर २०२१च्या मार्शल आगीत तर पाइनचं जंगल नव्हतंच. गवत आणि वारा एवढ्यावर हजाराहून जास्त घरं गेली.

म्हणून पहिला खर्च घरावर. भिंतीपासून ५ फुटांत खडी घाला; लाकडाचा भुसा, झुडपं, सरपणाचा ढीग तिथे नको. पन्हळीतल्या सुया काढा, हवेच्या झरोक्यांना बारीक धातूची जाळी लावा. यातलं बरंचसं काम घरच्या घरी होतं.

विरळणीचा निर्णय पाइनच्या जातीवर ठरतो, आणि इथे घाई महागात पडते. पॉन्डेरोसा असेल तर विरळणीइतका चांगला उपाय दुसरा नाही: उरलेल्या झाडांना पाणी आणि ऊन मिळतं, राळ वाढते, आगीलाही शेंड्यांवरून उडी मारणं जड जातं. हे जंगल पूर्वी वरचेवर लागणाऱ्या, जमिनीलगतच्या आगींत वाढलेलं आहे. लॉजपोलची मुळं उथळ, झाडं एकमेकांच्या आडोशाने उभी. दाट रान एकदम विरळ केलं तर उरलेली वाऱ्याने पडतात. तिथे छोटे तुकडे पूर्ण मोकळे करणं बरं. तोडलेल्या ताज्या फांद्यांचे ढीग ठेवू नका. इप्स नावाचे दुसरे भुंगेरे त्यावर येतात.

फवारणी म्हणजे कार्बारिलसारखं औषध, भुंगेरे उडण्याआधी, जिवंत झाडाच्या खोडावर. किडा आत शिरल्यावर उपयोग शून्य. वासाने भुंगेऱ्यांना दूर ठेवणाऱ्या व्हर्बेनोनच्या पुड्या साथ जोरात असली की अपुऱ्या पडतात. अंगणातली दोन-चार जुनी झाडं राखायची असतील तरच या वाटेला जा. एकरभर जंगलासाठी नाही.

जागा अजून घेतली नसेल तर खोडं जवळून पाहा. सालीवर राळेचे गोळे आणि बुंध्याशी भुसा दिसला तर पुढच्या वर्षी हेच झाड लाल होणार असं धरा आणि तोडणीचा खर्च भावातून वजा करायला सांगा. कोलोरॅडो राज्य वनसेवेचे वनाधिकारी जात आणि साथीची अवस्था सांगू शकतात. करवतवाल्याला बोलावण्याआधी त्यांना विचारा.